दोन गल्ले

जनकगंजात, जिन्याखाली, सहा बाय चार.
आधी इथे शिवणाचं मशीन होतं,
त्याच्याही आधी कुणाची तरी सायकल.
तिच्या हँडलचा ओरखडा भिंतीवर अजून आहे,
त्यावरच मी दरांचा कागद चिकटवला.

शिरीषदादा म्हणाला, आपल्यात कुणी दुकान टाकलंय का?
खरंय.
आपल्यात दरबारचे हिशेबनीस झाले,
पोस्टात झाले, रेल्वेत झाले.
एक मामा तर बँकेत बसून चौतीस वर्षं
दुसऱ्यांच्याच नोटा मोजत होता,
त्याला कुणी दुकानदार म्हटलं नाही.
मीही तेच करणार, म्हटलं,
फक्त स्टूल माझं.

स्कूटी विकून आले अठ्ठावीस हजार.
अर्धे गल्ल्यात, अर्धे फोनात.
कुणी काढायला आलं की गल्ला आटतो, फोन फुगतो;
कुणी पाठवायला आलं की फोन आटतो, गल्ला फुगतो.
एकच पाणी, दोन हंडे,
आणि मी दिवसभर मधे उभी
सांडू नये एवढंच बघत.
रात्री दोन्हींची बेरीज मांडली
तर तेच अठ्ठावीस हजार,
आणि वर एक्केचाळीस रुपये.
ते एक्केचाळीस मी तीनदा मोजले.

सकाळी सर्व्हर नसतो.
तरी बायका येऊन पायरीवर बसतात,
जसं काही तो दूधवाला आहे, येईलच.
फूलवती दगडाच्या खाणीवर होती कित्येक वर्षं.
पेन्शन सहाशे, अंगठा गुळगुळीत.
मशीन म्हणतं, जुळत नाही.
पदराने पुसला, ओला केला, तेल लावलं.
जुळत नाही.
मग तर्जनी, मग मधलं, एकेक करत
डाव्या हाताच्या करंगळीवर हिरवा दिवा लागला.
"यही बची थी," ती म्हणाली,
आणि करंगळी पदरात झाकून घेतली,
नजर लागू नये तशी.

दुसऱ्याच महिन्यात मी चुकले.
गजकच्या भट्टीवरचा रामबरन,
चार हजार, बायकोच्या बाळंतपणासाठी.
चिठ्ठीवर सात होता. मी एक वाचला.
पैसे गेले. कुणाच्या तरी फोनात, गेलेच.
त्याला मी गल्ल्यातून दुसरे पाठवले,
तो "दीदी, दीदी" करत राहिला,
त्याच्याकडे बघवेना.

त्या नंबरवर नऊ दिवस फोन लावला.
नवव्या दिवशी एक म्हातारी बोलली,
कुठलं गाव ते नीट कळलं नाही, मागे शेळी ओरडत होती.
मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली,
"लल्ला, मिल गए पैसे.
तीन साल बाद सही, याद तो आई."

"चुकून" हा एवढासा शब्द
जिभेवर धरून मी किती वेळ गप्प होते,
ते कॉलच्या यादीत आहे: चार मिनिटं बारा सेकंद.
शेवटी सांगितलं.
सांगितलंच. मी काही संत नाही,
खोलीचं भाडं दहा तारखेला असतं.

तीन हजार दोनशे परत आले,
शेजारच्या पोराकरवी, दोन हप्त्यांत.
आठशेंचं तिनं काय केलं, मी विचारलं नाही.
आठशे म्हणजे माझे साधारण वीस दिवस.

आता आकडे मोठ्याने वाचते, दोनदा.
गल्लीतली पोरं नक्कल करतात: सात, सात, एक, सात!
करू देत.

पण रात्री बेरीज अडते.
ते आठशे गल्ल्यात नाहीत, फोनातही नाहीत,
आणि बुडीत लिहायला हात उचलत नाही.
काल वहीत तिसरा रकाना आखला.
वर नाव काय घालावं, सुचलं नाही.
शटर अर्ध्यात अडकलं.
तेल आणायला हवं.