कापडी बॅनर

खानापूरच्या सभागृहात निवेदकानं विचारलं,
आधी कन्नडमध्ये, मग मराठीत:
ही कला किती जुनी?
कातरीन सिद्दीनं कवंदी उलटली, चाचपली.
हा तुकडा बाळंतपणातल्या लुगड्याचा,
हा पोराच्या शाळेच्या चड्डीचा.
चारी कोपऱ्यांना फुलं.
फुलांवाचून कवंदी नागडी, म्हणाली.
टाळ्या. शाल. नारळ.

खुर्च्या उचलताना तिनं बॅनर मागितला.
सुती होता. दोन्ही लिप्या मीच रंगवलेल्या,
रात्री जागून.

थंडीत तिच्या पाड्यावर गेलो
तर नात झोपलेली,
पोटावर ‘संस्कृ’,
पायाशी कन्नड अक्षरं, उलटी,
मधे शालीचा काठ.
‘ती’ कुठं गेली? विचारलं.
सुई दातात धरून
तिनं हनुवटीनंच दाखवलं:
चुलीमागं,
कुत्र्याच्या पिल्लांखाली.