चव नोंदवही

नियम असा आहे
की मुलांच्या आधी अर्धा तास
एका शिक्षकानं खायचं
आणि वहीत लिहायचं.
दिनांक, मेनू, पट, चव, सही.

नऊ वर्षांच्या तीन वह्या माझ्या कपाटात आहेत.
चव या रकान्यात एकच शब्द:
चांगली.
कंटाळा आला की खाली
वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, पान संपेपर्यंत.

तांदळात सोंडे निघाले, चांगली.
अख्खा मार्गशीर्ष हळद आली नाही,
पांढरीफटक खिचडी, चांगली.

तेव्हा सोजरबाई रांधायच्या
टाकीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.
सिलिंडर संपलेला, म्हणून तुराट्या.
जर्मनचं पातेलं, बुडाला दोन डाग दिलेले.
तेल मोजून मिळायचं, डाळ मोजून,
येसर मात्र घरचा,
पदराच्या गाठीत बांधून आणलेला.
त्याला वहीत रकाना नव्हता.

करपायची कधीकधी. खोटं कशाला बोलू.
एकदा खडा लागून निकिताचा दात पडला.
"पडायलाच आल्ता," म्हणाल्या,
आणि त्या दिवशीची खरवड तिला एकटीला दिली.
मानधन चार महिने यायचं नाही,
पाचव्यात यायचं, तीन महिन्यांचं.

मग जूनमध्ये पत्र आलं.
केंद्रीय स्वयंपाकगृह.
संस्था तालुक्याची, नावात अन्नपूर्णा,
अध्यक्षांचा पेट्रोल पंप.

सोनपेठच्या रस्त्यावरचा पूल खचलेला,
टेम्पो वळसा घालून येतो,
कधी साडेअकराला, कधी एक वाजता.
स्टीलचे डबे, रबराची कड,
झाकणाला आतून घाम.
खिचडी पहाटे चारची.
स्वच्छ आहे, खडा नाही, हेही लिहायला हवं.
पांढऱ्या टोप्या घालून करतात,
फोटो आला होता मुख्याध्यापकांच्या मोबाईलवर.
फक्त डाव घातला
की सगळी एकदम उचलून येते, फरशीसारखी.

चौथीतला अब्रार खिशात कारळ्याची चटणी आणतो,
कागदाच्या पुडीत,
अकरा जणांत पुरवतो.
फाटकावरचं कुत्रं
दिवाळीच्या आतच जाड झालं आहे.

नियमात असंही आहे
की आठवड्यातून एकदा चव पालकानं घ्यावी.
गुरुवारी गावात कुणी नव्हतं,
सगळे सोयाबीन काढायला.
फाटकाशी सोजरबाई उभ्या,
धाकटीचं दप्तर घेऊन. ती विसरली होती.
पालकच की.

आत आल्या, शेडकडे पाहिलं नाही.
तिथं आता बेंचांचे मोडके पाय ठेवतो.
उभ्यानंच घास घेतला.
चावल्या. थांबल्या. पुन्हा चावल्या.
मला वाटलं, आता शिव्या देणार.
मी मनातून वाट पाहत होतो, खरं तर.

"डाळ राह्यली सर. घाईत उतरवली हाय."
मग डब्याकडे बघत, हळू:
"बिचारीला किती वाजता उठावं लागत आसंल."

टेम्पोवाला मला माहीत आहे,
अध्यक्ष माहीत आहेत,
बिलं कोण काढतं तेही माहीत आहे.
टोपीखाली कुणी बाई असेल
हे मात्र सुचलं नव्हतं.

वही पुढं केली.
सही येते त्यांना, बचत गटात शिकलेल्या.
पण बोट रकान्यावर ठेवलं: "हितं काय लिवू?"
म्हणालो, जे लागलं ते.
पेन घट्ट धरलं, कवितेची वही असल्यासारखं कोपर लावून,
जोडाक्षराशी अडल्या, पुढं गेल्या,
आणि लिहिलं:
कची.

मी मराठी शिकवतो. दुरुस्त केलं नाही.

आज शुक्रवार.
मेनू मटकीची उसळ, भात. पट एकेचाळीस.
पोचपावतीसाठी टेम्पोवाला हॉर्न देतो आहे.
घास घेतला.
दाताखाली मटकी कटकन वाजली.
रकान्यात, रोजच्याच अक्षरात, लिहिलं:
वरीलप्रमाणे.