दोनदा टक म्हणजे पाणी

स्टेपनीच्या खड्ड्यात तळं साचलं होतं.
पाना, जॅक, कुणाची तरी एक चप्पल,
सगळं गंजाच्या चहात बुडालेलं.
गाडीत बसणारा प्रत्येकजण
आधी स्वतःचे मोजे हुंगायचा.

नव्व्याण्णवची गाडी. आईनं घेतलेली,
टेलिफोन एक्स्चेंजात सुपरवायझर झाली त्या वर्षी,
स्वतःच्या सहीनं, स्वतःच्या हप्त्यांनी.
विकून टाकू, असं मी एकदाच म्हणाले.
"फॉल्ट आहे," ती म्हणाली. "फॉल्ट शोधायचा असतो."

बिबवेवाडी, गुरुवार, नळ बंद.
पिंपातलं पाणी बादलीनं खाली आणलं
तर सेक्रेटरी आगाशे हजर.
"कुमुदताई, गाडी धुवायला मनाई आहे."
"धूत नाही. तपासतोय," आई म्हणाली, डिकीतून.

बहात्तर वर्षं, पंचेचाळीस किलो.
मागच्या सीटची पाठ काढून
पाय आधी घालून ती आत सरकली होती
कपाळाला बॅटरी बांधून.
एकदा टक म्हणजे कोरडं.
दोनदा टक म्हणजे पाणी.
"आणि मधे बोलू नकोस. लाइन मोकळी ठेव."

मी मगानं ओतत गेले.
मागच्या काचेची खालची कड. टक.
डावा कोपरा. टक.
उजवा कोपरा, जिथं बुरशी होती,
जिथं मी पैज लावली असती. टक.
आगाशेही थांबले होते, हात मागे बांधून.
मग वर, मधोमध, क्रोमच्या पट्टीपाशी,
जिकडं कुणी बघतही नाही,
तिथं अर्धा मग
टकटक.
टकटक, टकटक.
"बघ मेल्याला," पत्र्याखालून आवाज आला,
"शिरतो वरून, अस्तराआडून चालत जातो,
आणि नाव कोपऱ्याचं."

पट्टी उचकटली. खाली सिलिकॉनचे थर,
पांढरा, काळा, एक पिवळा पडलेला.
आमच्या घरातल्या ज्या ज्या पुरुषानं
एकेका रविवारी ही गळती कायमची बंद केली होती
त्या सगळ्यांची बोटं तिथं उमटलेली.
भाजीच्या सुरीनं खरवडलं.
तळाशी गंज, आणि गंजात
तांदळाएवढं भोक.
ते बुजवलं. वर रेड ऑक्साइड,
दोन हात, मधे एक जेवण.

नवं रबर नाना पेठेतून.
हकीमुद्दीनभाईंनी जुना तुकडा वाकवला, तो तुटला.
"कडक झालं की काचेचं ऐकत नाही," म्हणाले,
आणि वीतभर जास्तच कापून दिलं.

काच बसवायची तर खाचेत दोरी लागते.
दोरी मिळेना. आईनं परकराची नाडी ओढून दिली,
साबणाच्या पाण्यात बुचकळून.
मी बाहेरून तळव्यांनी दाबत होते,
ती आतून नाडी ओढत होती, बोटबोटभर,
आणि रबराचा ओठ पत्र्यावर उलटत होता.
दोघींच्या मधे तेवढी काच.
तिची जीभ दातांत धरलेली.
भुवईत एक लांब पांढरा केस,
तो मी आजवर पाहिलाच नव्हता.
"दाब."
"दाबतेय."
"तिथं नाही. मी आहे तिथं."

शनिवारी रात्री हस्त कोसळला.
आम्ही दोघी आपापल्या खोलीत जाग्या होतो,
एकमेकींना न सांगता.

सकाळी डिकी उघडली.
खड्ड्यात पसरलेला पेपर कोरडा, कुरकुरीत,
शब्दकोडं तसंच रिकामं.
फक्त एका काठाला
रुपयाएवढी ओल.
"हवेतली असेल," मी म्हणाले.
आईनं पेन्सिलीनं ओलीभोवती गोल काढला,
तारीख लिहिली, वेळ लिहिली,
आणि पायातल्या चपला काढायला लागली.