दोन फुटांच्या आतली

बाबाचा, बस्त्याव तुस्कानोचा, धंद्यात एकच नियम होता:
दोन फुटांच्या आतल्या पेटीचं बिल करायचं नाही.
वहीत तारीख, लाकूड, आणि पुढे फक्त "लहान".
नाव विचारायचं नाही. ठेवलेलंच नसतं बहुधा.
माझगावात, माथारपाखाडीच्या तोंडाशी,
मी अजून तोच नियम चालवतो.

पाळंदेबाई आल्या त्या छापलेले फोटो घेऊन.
प्रदर्शन आहे, वरळीला. हुबेहूब हव्यात.
कोणाच्या?
राजाच्या मुलींच्या.
फारो म्हणजे मला बायबलातला ठाऊक,
बेडूक, टोळ, थोरल्या पोरांचं मरण.
हा तो नव्हे, म्हणाल्या. हा तुतनखामुन,
आठ-नऊ वर्षांचा गादीवर बसला,
अठरा-एकोणीसचा थडग्यात निजला,
लहानपणीची खुर्चीसुद्धा सोबत घेऊन.
आणि काठ्या. शंभराच्या वर.
म्हणजे पोराला चालायला त्रास होता, मी म्हटलं.
यावर वाद आहे, म्हणाल्या.
असेल.
आमच्या कास्मीरकडे दोनच आहेत आणि तो घराबाहेर पडत नाही.

बायको सावत्र बहीण. अंखेसेनामुन.
मी तीनदा अडखळलो, फिलू एका दमात म्हणाली.
दोन मुली झाल्या. झाल्या म्हणजे,
एक पाचव्या महिन्यातली, दुसरी भरत आलेली.
त्यांच्यानंतर त्या घराण्यात कोणीच नाही.
प्रत्येकीला पेटीत पेटी: आतली सोनेरी,
बाहेरची काळी, वर सोन्याच्या पट्ट्या.
आणि दोघींना मिळून एक साधा खोका,
लांबी दोन फूट. बरोब्बर दोन.
नावं?
नाहीत. नुसतं ओसिरिस लिहिलंय,
मेलेल्या कोणालाही म्हणतात ते.
म्हणजे "लहान", मी म्हटलं.
बाईंनी ते कशावर तरी टिपून घेतलं.

रे रोडच्या वखारीतून लाकूड आणलं.
चेहरे कोरायला आठवडा गेला. माझं काम सरळ फळ्यांचं,
नाक म्हणजे मला आजवर कधी लागलं नव्हतं.
पायाची बोटं शेवटी केली, दहाच्या दहा, पॉलिश पेपर मारून.
तेव्हा बाईंनी तो शेवटचा फोटो दाखवला.
मोठीच्या पेटीची बोटं छाटलेली.
खोक्याचं झाकण बसेना, म्हणून
कोणीतरी वाकस घेऊन तिथेच तोडली होती.
तसंच करायचं, म्हणाल्या. तेच तर खरं आहे.

रात्री मी त्या सुताराचा विचार करत बसलो.
साडेतीन हजार वर्षं जुना, पण माणूस माझ्याच जातीचा.
माप कुठेतरी दोन सूत चुकलेलं,
बाहेर पुजारी खोळंबलेले, दिव्यातलं तेल संपत आलेलं,
आणि सगळ्यांचे डोळे त्याच्या हातावर.
नवी पेटी करायला वेळ नाही.
काळा रंग कापला की आतून पांढरं लाकूड निघतं,
ते त्याला दिसलं असणार.
मला शिवडीतली एक दुपार आठवली. ती सांगत नाही.

आई कुठे होती तेव्हा? फिलूने विचारलं.
मी हे कधीच विचारलं नसतं.
तिने चहा बाकावर ठेवला आणि
छाटायच्या बोटांवरून अंगठा फिरवला,
एकेकावरून, मोजल्यासारखा.
ती आत गेल्यावर मी पटाशी उचलली.
चार घाव पुरले.

प्रदर्शनाच्या ऑफिसातून फोन आला,
बिलाशिवाय पैसे सुटत नाहीत, तुस्कानो.
लहान पेटीचं आमच्यात होत नाही, म्हटलं.
साहेब हसले. जीएसटी नंबर विचारला.
शेवटी खोक्याचं बिल दिलं.
दोन फूट आहे, दोनच्या आत नाही;
बाबाने ऐकून घेतलं असतं.
साधा खोका, रंग नाही, मजुरीसह. आतल्याचा उल्लेख नाही.

वहीत मात्र तारीख घातली, लाकूड लिहिलं,
आणि पुढे, लहान.
खालच्या ओळीत परत तारीख, परत लाकूड,
परत लहान.
एका ओळीत मावल्या असत्या दोघी.
नाही मावू दिल्या.