मोजणी

लिंकनच्या तुरुंगात सगळं मोजूनच आत जातं :
सुया सात, कात्री एक, तीही बोथट,
खोट्या मिशा अकरा.

डॅरेल ट्रॉटर. बारापैकी पाच वर्षं भोगलेला.
आमच्या संगीत नाटकात फौजदार.
तालमीत समेवर कधी यायचाच नाही.
"मला कुठे घाई आहे," म्हणायचा.

प्रयोगाला तिसऱ्या रांगेत त्याची पोर.
गाता गाता त्याने स्वतःलाच बेड्या घातल्या
आणि नेमका समेवर आला.
ती हसली की काय,
पियानोमागून मला दिसलं नाही.

मग मोजणी. मिशा दहा.
पुन्हा. दहाच.
पहाऱ्यावरच्या हॅलमबाईंनी फाटकाकडे पाहिलं :
वरच्या ओठावर हात दाबून
कुणीतरी छोटंसं बाहेर पडत होतं.

त्यांनी वहीत अकरा लिहिलं
आणि पेन खिशाला लावलं.