दातांच्या डॉक्टरची खुर्ची

टोलेडोतला एक दवाखाना बंद झाला
आणि हेमांगीनं चाळीस डॉलरला
दातांच्या डॉक्टरची खुर्ची घरी आणली.
शेवाळी हिरवी. पायाशी पेडल.
थेट हॉलमध्ये, टीव्हीसमोर.

"लोक काय म्हणतील?" मी म्हटलं.
लोक काही म्हणत नाहीत.
बसतात. पेडल दाबलं की
हळूहळू आडवे होतात
आणि सवयीनं आ वासतात.

शेजारचे वॉल्टर कोवाल्स्की,
नऊ वर्षं दातखीळ बसल्यासारखे,
'हाय'च्या पुढे कधी गेले नाहीत.
परवा छताकडे बघत
बायकोच्या शेवटच्या हिवाळ्याबद्दल
पाऊण तास बोलले.
मग चूळ भरायचा पेला शोधत
त्यांचा हात डावीकडे गेला.
तिथे आम्ही चहा ठेवतो.

मी अजून सोफ्यावरच बसतो,
ओठ मिटून.