मैलामागे दोनशे चार

मे महिना, पण हातमोजे अजून खिशात गेलेले नाहीत.
लाइल निकल आला धक्क्यावर,
हातात एक स्क्रू-ड्रायव्हर, त्याची मूठ पुढे करून
वीत-वीत डेक वाजवत गेला
नारळ वाजवून बघावा तसा.
टण. टण. टण.
आणि डोलकाठीच्या बुडाशी, थप्प.

"इथं पाणी मुरलंय."
"मुरलंय," आर्डिथ आइसनर म्हणाली,
"किमतीत धरलंय."

सव्वीस फूट. त्र्याहत्तर सालची.
जिच्या पोटी जन्मली ती शेड
आता कुणाची तरी गाड्या धुवायची जागा आहे.
ज्यानं हिची पहिली रेघ ओढली
त्याला म्हणे गिऱ्हाइकानं दोनच गोष्टी सांगितल्या :
शर्यत जिंकली पाहिजे
आणि आत चौघं झोपली पाहिजेत.
त्यानं दोन्ही ऐकल्या, अर्ध्या अर्ध्या.
म्हणून चार बाकं आहेत, पण कूस बदलायची तर
आधी उठून बसावं लागतं.
ताठ उभं राहता येतं एकाच जागी,
तेही वरचं झाकण उघडं असेल तर, डोकं पावसात.
चहा होतो. एका वेळी एक कप.

"आणि पळायला?"

आर्डिथनं उत्तर द्यायला वेळ घेतला.
एकोणतीस वर्षांचे बुधवार होते,
कुठला आधी सांगायचा?

मंद वाऱ्यात आळशी. शीड नुसतं लोंबतं,
दोरीवर विसरलेल्या चादरीसारखं,
आणि प्लास्टिकच्या नव्या पोरी शेजारून निघून जातात
हात हलवत.
बारा नॉटला जाग येते.
अठराला भांडायला उठते.
पहिल्या झुळकीलाच कलते, घाबरशील तू,
पण मग कलायची थांबते.
शंभरातलं बेचाळीस वजन शिसं आहे,
पाण्याखाली, कुणी न बघितलेलं,
ते तिथून बोलतं.

आणि सुकाणू सोडलंस
तर आपणहून वाऱ्याकडे तोंड वळवते
आणि उभी राहते. फडफडत.

"म्हणजे खोड आहे."
"खोड म्हण. एकदा मी पाण्यात पडले होते.
ही पंचवीस हातांवर थांबून राहिली."

पैसे त्यानं पाकिटातून मोजून दिले,
लॉबस्टरच्या कारखान्यात वायरिंग करून मिळवलेले,
नोटांना वास होता.
गुडघ्याचं तिनं काही सांगितलं नाही,
त्यानं विचारलं नाही.

जुलैतला बुधवार.
टेकडीवरच्या बाकावर आर्डिथ,
मांडीवर दुर्बीण, हातात जुनं स्टॉपवॉच.
कोर्कमांची लांबडी काळी बोट पहिली आली,
धक्क्यावरची तोफ उडाली, कुत्री भुंकली.
तिनं बटण दाबलं.

हिशेब तिला पाठ आहे :
काळ्या बोटीला मैलामागे एकशे वीस सेकंद माफ,
हिला दोनशे चार.
फरक चौऱ्याऐंशी. पाच मैलांचे झाले
सात मिनिटं.
सात मिनिटांच्या आत आलेली हळू बोट
हळू नसते.
एवढी दया जगात फक्त बुधवारी संध्याकाळी,
आणि तीही आकड्यांत.

चार मिनिटं. बेटाआडून अजून कुणी नाही.
साडेचार. ते शीड, गालावर ठिगळ असलेलं,
ते ठिगळ तिनंच शिवलंय जेवणाच्या टेबलावर.
वारा वाढला, बोट आडवी झाली,
पोरगं दोन्ही हातांनी सुकाणू ओढतंय,
सगळा जीव लावून,
आणि ती ओढल्याइतकी हट्टानं वर चढतेय, हळू होतेय.

हे सांगायचं राहिलं की.
किमतीत धरलं नव्हतं हे.
सुकाणू नको ओढूस रे, मोठं शीड सोड,
वीतभर सोड, एवढीच तिची मागणी असते—
ती बाकावर बसून ओरडली,
मैलभर पाण्यावर.

साडेपाच.
सहा.
दुर्बिणीत बूम किंचित बाहेर गेली.
बोट सरळ झाली. त्याचा एक हात मोकळा होता.
तो हात त्यानं डेकवर ठेवला, नुसता,
जिथं पाणी मुरलंय तिथंच जवळपास.

आर्डिथनं स्टॉपवॉच उलटं करून मांडीवर ठेवलं.
काटा चालू होता,
कापडातून मांडीला कळत होता.